वाचकांचे प्रश्न : दोन घोड्यांचा तबेला स्वतः बांधताना

घोडा पाळणाऱ्या वाचकांकडून तबेल्याच्या बांधकामाविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना या वेळच्या सदरात उत्तरे देत आहोत. काही पत्रांतील प्रश्न सारखेच असल्याने ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे एक घोडी आणि एक घोडा आहे. दोघांचीही उंची 15 हातांच्या (घोड्याच्या मापातील एक हात म्हणजे 4 इंच) आसपास आहे. शेतातील अवजारांची शेड मी पूर्वी स्वतः उभारली असल्यामुळे दोन ठाणांचा लहान तबेलाही स्वतःच बांधावा, असे मनात आहे. पुढे घोडीपासून शिंगरू घेण्याचाही विचार आहे. जागेची निवड आणि मापे यांची सुरुवात कोठून करावी?

उत्तर : पावसाचे पाणी त्या जमिनीवरून कसे वाहते, हे सर्वांत आधी पाहावे, आणि तेही शक्यतो भर पावसात जागेवर उभे राहून. कोरड्या दिवसांत सपाट आणि सोयीची वाटणारी जागा पावसात डबके होऊन बसते. एकदा जोते बांधून झाले की ही चूक सुधारता येत नाही. तबेला जमिनीच्या उंचवट्यावर असावा. तसा उंचवटा नसेल, तर भर घालून आणि ती थराथराने धुमसून जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा 8 ते 12 इंच उंच करावे, आणि चारही बाजूंना जमिनीचा उतार तबेल्यापासून दूर जाणारा ठेवावा. छपराच्या पाण्याचाही हिशेब आधीच मांडावा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमते. म्हणजे 90 चौरस मीटरच्या छपरावरून 50 मिलिमीटर पावसात 4,500 लिटर पाणी उतरते. हे पाणी पन्हाळीतून दूर नेले नाही, तर ते थेट घोड्यांच्या दाराशी चिखल करते. सतत चिखलात उभ्या राहणाऱ्या घोड्याचे खूर मऊ पडतात, खुराच्या तळाला कूज लागते आणि पायांच्या कातडीला भेगा पडतात.

मापांच्या बाबतीत काटकसर करू नये. 15 हातांच्या आणि साधारण 450 ते 500 किलो वजनाच्या घोड्याला मोकळे सोडण्याचे ठाण 12 फूट बाय 12 फूट असावे. लहान चणीच्या तट्टाला 10 बाय 10 फूट पुरते. ठाणाची कोणतीही बाजू घोड्याच्या लांबीच्या दीडपटीहून कमी नसावी, हा आडाखा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण घोडा लोळताना भिंतीला लागून अडकला आणि पाय पसरायला जागा उरली नाही, तर त्याला स्वतःहून उठता येत नाही. तशा अवस्थेत तो धडपडून स्वतःला जखमी करून घेतो. विण्याच्या घोडीला 14 बाय 14 फूट किंवा त्याहून मोठी जागा लागते. आपला विचार शिंगरू घेण्याचा असल्यामुळे दोन ठाणांमधील आडभिंत काढता येईल अशीच करावी. गरज पडेल तेव्हा दोन ठाणांचे एक प्रशस्त ठाण होईल. मात्र त्या काळात दुसऱ्या घोड्याची सोय कोठे करायची, हे आजच ठरवून ठेवावे.

रचनेविषयी आमचे स्पष्ट मत असे आहे, की दोन-तीन घोड्यांसाठी मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना ठाणे अशी बंदिस्त इमारत करू नये. एका रांगेत 12 फुटांचे तीन खण घ्यावेत, दोन घोड्यांसाठी आणि तिसरा खोगीर, लगाम, खरारा व चंदी (घोड्याचा दाणा) यांच्यासाठी, आणि समोर 10 फूट रुंदीची छपराखालची पडवी सोडावी. अशा तबेल्याची बाहेरची मापे 36 बाय 22 फूट होतात. पडवीचे तोंड झोडपणाऱ्या पावसाच्या आणि थंड वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला असावे. या रचनेत प्रत्येक घोड्याला बाहेर डोके काढता येते, शेजारचा घोडा दिसतो, आणि संकटाच्या वेळी दार उघडताच घोडा थेट मोकळ्यावर येतो. घोडा कळपात राहणारा प्राणी आहे. सोबती न दिसता चार भिंतींत कोंडला गेला, तर त्याला सतत डुलण्याची किंवा दातांनी लाकूड धरून हवा ओढण्याची सवय जडते, आणि एकदा जडलेली ही सवय सुटणे फार अवघड असते.

कागदावरचा आराखडा पुरा झाला, की तो जमिनीवर फक्कीने आखावा आणि घोड्याला मोरकी लावून त्या रेघांमधून चालवत न्यावे. दारातून आत नेणे, आत वळवणे, पुन्हा बाहेर आणणे, लिदीची हातगाडी पडवीतून घोड्याच्या बाजूने नेणे, ही सगळी कामे त्या रेघांमध्ये प्रत्यक्ष करून पाहावीत. जी अडचण नकाशात दिसत नाही, ती येथे दिसते, आणि फक्कीची रेघ सरकवायला काहीच लागत नाही.

प्रश्न : थंडीत घोड्यांना बाधू नये म्हणून तबेला चारही बाजूंनी नीट बंद असावा, असे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे. तबेल्यात वारा किती असावा? खिडक्या किती ठेवाव्यात?

उत्तर : घोड्याच्या काळजीपोटीच दिलेला हा सल्ला घोड्याला अपाय करणारा आहे. आपल्याला थंडी वाजते त्या तापमानाला घोड्याला ती वाजेलच असे नाही. आतड्यात आंबणाऱ्या वैरणीतून त्याला सतत ऊब मिळत असते आणि थंडीत त्याच्या अंगावर दाट केस येतात. निरोगी प्रौढ घोडा 5 ते 25 अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात विशेष श्रम न घेता राहतो, आणि कोरडा असेल, पोटभर वैरण मिळत असेल आणि अंगावर थेट झोंबरा वारा येत नसेल, तर हवामानाची सवय असलेला घोडा त्याहून पुष्कळ कमी तापमानही सोसतो. त्याला सोसत नाही ती कोंडलेली, दमट आणि धुळीची हवा.

या दमटपणाचे मूळ घोड्यातच असते. एक घोडा केवळ श्वासावाटे दिवसाला सात-आठ लिटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत सोडतो. त्यात मूत्राची भर पडते. मूत्रापासून अमोनिया वायू तयार होतो आणि तो ओल्या बिछान्याजवळ सर्वांत तीव्र असतो. ही बाब तपासण्याची सोपी रीत अशी, की पहाटे दारे उघडण्यापूर्वी ठाणात जावे आणि गुडघ्यांवर बसून, आडव्या पडलेल्या घोड्याचे नाक जेथे असेल त्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून वीतभर अंतरावर, श्वास घ्यावा. उभ्या माणसाला काहीही न जाणवणाऱ्या ठाणातही तेथे डोळे चुरचुरतात. शिंगरू दिवसाचा बराच वेळ आडवे पडून असते आणि हीच हवा त्याच्या फुप्फुसांत जाते.

म्हणून हवेचा मार्ग आराखड्यातच आखावा लागतो. गरम आणि दमट हवा वर चढते; तिला आढ्याशी, म्हणजे छपराच्या सर्वांत उंच रेषेशी, बाहेर पडायला वाट हवी, आणि तिच्या जागी येणाऱ्या ताज्या हवेला वळचणीखालून, म्हणजे छपराच्या खालच्या कडेखालून, आत यायला वाट हवी. दोन्ही वाटा असल्या तरच वारा खेळतो. यांपैकी एक जरी बंद असली, तरी दुसरीचा उपयोग उरत नाही. इमारतीच्या रुंदीच्या दर 10 फुटांमागे प्रत्येक वळचणीखाली 1 इंच आणि आढ्यावर 2 इंच रुंदीची सलग फट हे भर थंडीतही कधीच बंद न करण्याचे किमान माप आहे. आपल्या 22 फूट रुंदीच्या तबेल्यासाठी हे माप दोन्ही वळचणींखाली सव्वादोन इंच आणि आढ्यावर साडेचार इंच असे होते. आढ्यावरच्या फटीवर दोन्ही पाख्यांच्या वर थोडे उचललेले टोपण बसवले की पाऊस आत येत नाही. पक्ष्यांसाठी जाळी लावायची असल्यास ती मोठ्या छिद्रांची असावी, कारण बारीक जाळी धूळ आणि कोळिष्टकांनी काही महिन्यांतच बुजून जाते.

ही थंडीतील किमान सोय झाली. उष्ण दिवसांत याच्या कितीतरी पट जास्त मोकळी जागा लागते, आणि ती प्रत्येक ठाणाच्या मागच्या भिंतीत मोठी खिडकी ठेवून मिळते. खिडकीला काच असेल तर आतून गज किंवा मजबूत जाळी असलीच पाहिजे. ठाणांमधील आडभिंतींचा वरचा भाग बंद न करता गजांचा ठेवला, तर हवा एका ठाणातून दुसऱ्यात फिरते. छप्पर पत्र्याचे असेल तर त्याखाली उष्णतारोधक थर द्यावा. उन्हाळ्यातील ताप त्याने कमी होतोच, शिवाय थंड रात्री पत्र्याच्या आतल्या बाजूला वाफेचे पाणी होऊन ते खाली ठिबकते, तेही थांबते. अनेकजण ते ठिबकणे छपराची गळती समजून पत्र्याच्या सांध्यांना डांबर फासत बसतात. खरे तर हवा बाहेर पडायला जागा नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो.

प्रश्न : ठाणाची जमीन काँक्रीटची करावी की मातीची?

उत्तर : दोन्हींचे गुणदोष आहेत. काँक्रीट धुवायला सोपे आणि टिकाऊ असते, परंतु घोड्याच्या सांध्यांना ते फार कठीण पडते आणि गुळगुळीत असेल तर धोकादायक ठरते. चिकणमाती पायांना मऊ असते, पण मूत्र जेथे पडते तेथे खड्डा पडतो आणि तो वारंवार भरावा लागतो. स्वतः बांधणाऱ्या माणसाला आम्ही असे सुचवतो, की खाली सहा ते आठ इंच खडी, तिच्यावर चार इंच दगडाची कच ओली करून धुमसावी, पृष्ठभाग एका पातळीत आणावा आणि त्यावर पाऊण इंच जाडीच्या रबरी चटया भिंतीपासून भिंतीपर्यंत घट्ट बसवाव्यात. चार बाय सहा फुटांची अशी एक चटई साधारण 45 किलो भरते, म्हणून ती उचलायला दुसरा माणूस लागतो. चटयांच्या कडा जुळल्या नाहीत, तर फटींत बिछाना शिरतो आणि कडा वर येतात. त्यामुळे खालची पातळी साधण्यात जो वेळ जाईल तो जाऊ द्यावा. चटई असली तरी बिछाना लागतोच. चटईने तो कमी लागतो इतकेच. आडवे पडलेल्या घोड्याला भिंतीशी आधार मिळावा म्हणून कडेने बिछान्याचा थर अधिक उंच ठेवावा.

लाकडाचा भुसा किंवा ढलप्या बिछान्यासाठी आणताना त्या कोणत्या झाडाच्या आहेत याची खात्री करावी. काळ्या अक्रोडाच्या ढलप्यांवर नुसते उभे राहिल्यानेही घोड्याच्या खुरांना तीव्र दाह होतो. पडवीला काँक्रीट चालते, मात्र ते ओले असतानाच खराट्याने खरबरीत करून घ्यावे.

प्रश्न : भिंती विटांच्या कराव्यात की लाकडी? दारांची मापे काय असावीत? माझा एक घोडा रागीट असून लाथा फार झाडतो.

उत्तर : बाहेरची भिंत विटांची, दगडाची किंवा पत्र्याची असली तरी चालेल, परंतु घोड्याच्या बाजूने जमिनीपासून साडेचार-पाच फुटांपर्यंत लाकडी फळ्यांचे किंवा जाड रबराचे अस्तर हवे. नुसत्या विटांच्या भिंतीवर लाथ बसली तर घोड्याचा पाय जायबंदी होतो. नुसत्या पत्र्यावर बसली तर तो फाटतो, आणि पाय बाहेर ओढून घेताना पत्र्याची धार स्नायुबंध कापून जाते. फळ्या 2 इंच जाडीच्या, टणक लाकडाच्या आणि एकमेकींत खाचेने बसणाऱ्या असाव्यात.

आपला घोडा लाथा झाडणारा असल्याने फळ्या कोणत्या बाजूने ठोकता याला फार महत्त्व आहे. त्या नेहमी खांबांच्या आतल्या, म्हणजे घोड्याच्या बाजूला ठोकाव्यात. लाथ बसली की फळी खांबावर दाबली जाते आणि आघात खांब पेलतो. त्याच फळ्या खांबांच्या बाहेरून ठोकल्या असतील, तर प्रत्येक लाथेबरोबर खिळा थोडा थोडा उपटत जातो आणि एके दिवशी खिळ्यांसकट फळी बाहेर पडते. दोन ठाणांमधील आडभिंतीला दोन्हीकडून घोडे असल्यामुळे तेथे हा नियम लागू पडत नाही. तिच्या फळ्या दोन्ही टोकांना खांबांवर पक्क्या बसवलेल्या लोखंडी खोबणीत वरून सरकवाव्यात. त्यामुळे शिंगरू होण्याच्या वेळी त्या काढूनही घेता येतात. 12 फूट लांबीची फळी मधोमध वाकते, म्हणून तेथे एक उभी पट्टी बोल्टाने जोडावी आणि बोल्टाची डोकी लाकडात बुडवावीत. सर्वांत खालची फळी जमिनीला टेकलेली असावी. खाली फट राहिली तर लोळणाऱ्या घोड्याचा खूर तीत अडकतो.

आडभिंतीची एकूण उंची साडेसात ते आठ फूट असावी. खालचा भाग भरीव, वरचा गजांचा. गज उभे असावेत आणि दोन गजांमधील अंतर 3 इंचांपेक्षा जास्त नसावे, कारण मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या घोड्याचा खूर त्यापेक्षा रुंद फटीत जाऊ शकतो. शिंगराचा खूर लहान असल्यामुळे त्याच्यासाठी हे अंतर 2 इंचांवर आणावे लागते. आडवे गज टाळावेत, कारण घोडा त्यांवर दात लावतो. लाकडाच्या उघड्या कडांना लोखंडी पट्टी मारली की कुरतडणे थांबते. लाकडाला विषारी संरक्षक द्रव्य किंवा शिसेयुक्त रंग लावू नये.

दार 4 फूट रुंद आणि शक्यतो 8 फूट उंच असावे. ते आत कधीही उघडू नये, कारण आत घोडा दाराला टेकून पडला तर आपल्याला आत जाताच येणार नाही. पडवीच्या रचनेत आडवे दुभागलेले, बाहेर उघडणारे दार उत्तम. खालची फळी बंद ठेवून वरची उघडी ठेवता येते. सरकते दार बसवायचे असल्यास त्याच्या तळाला मार्गदर्शक पट्टी हवीच, नाहीतर आतून रेटा आला की दार खालून बाहेर झुलते आणि त्या फटीत पाय सापडतो. कडी एका हाताने उघडता आली पाहिजे, दुसऱ्या हातात मोरकीची दोरी असते. घोडा ओठांनी कडी सरकवायला सहज शिकतो, म्हणून दुसरी कडी दाराच्या तळाशी, त्याचे तोंड पोहोचणार नाही अशा ठिकाणी लावावी. कुलूप मात्र लावू नये. आगीच्या वेळी किल्ली शोधायला अवधी नसतो.

प्रश्न : ठाणांच्या वर माळा करून तेथे वर्षभराचे गवत साठवले तर वेगळी इमारत बांधण्याचा खर्च वाचेल. हे योग्य आहे का?

उत्तर : नाही. माळ्याने आढ्याकडे जाणारी हवा अडते, वरून सतत धूळ आणि बुरशीचे कण घोड्यांच्या नाकातोंडात जातात, आणि आग लागली तर जळते गवत थेट त्यांच्या अंगावर कोसळते.

पुरेसे न सुकलेले गवत गठ्ठे बांधून रचले, की त्यातील सूक्ष्मजीवांमुळे ते आतून तापू लागते. गठ्ठे बांधताना गवतात 20 टक्क्यांपेक्षा अधिक ओल असेल, तर हा धोका वाढतो, आणि तो रचल्यानंतरच्या पहिल्या दोन ते सहा आठवड्यांत सर्वाधिक असतो. त्या काळात गंजीत लांब दांड्याचा तापमापक खुपसून पाहावे. 65 अंश सेल्सिअसच्या पुढे तापमान गेले, तर दिवसातून अनेकदा तपासावे. 80 अंशांच्या जवळ पोहोचले, तर गंजी स्वतः उपसू नये. अग्निशमन दलाला बोलवावे, कारण आत धुमसणाऱ्या गवताला हवा मिळताच ते पेट घेते.

एक घोडा दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे साधारण 8 ते 10 किलो वैरण खातो. दोन-तीन दिवसांपुरती वैरण तबेल्याच्या तिसऱ्या खणात ठेवावी. उरलेला साठा तबेल्यापासून किमान 50 ते 75 फूट दूर, जमिनीपासून उचललेल्या फळ्यांवर, साध्या छपराखाली रचावा. खर्च वाचवायचाच असेल तर त्या छपराला भिंती करू नयेत. तबेल्यावर मात्र माळा घालू नये, याबद्दल आमच्या मनात कोणताही किंतु नाही.

प्रश्न : वीज, पाणी आणि लीद यांची व्यवस्था कशी असावी?

उत्तर : विजेच्या सर्व तारा धातूच्या किंवा मजबूत नळीतून न्याव्यात, कारण चंदीच्या वासाने उंदीर येतात आणि तारा कुरतडतात. दिवे धूळरोधक आणि जाळीच्या आवरणातील असावेत, बटणे ठाणाबाहेर असावीत, आणि 30 मिलिअँपिअरच्या गळतीलाही प्रवाह तोडणारा सुरक्षा खटका बसवून घ्यावा. घरगुती पंखे तबेल्यात वापरू नयेत. त्यांच्या उघड्या मोटारीत धूळ साचते आणि त्यांतून आग लागते. पूर्ण बंद मोटारीचे पंखेच घ्यावेत.

घोडा दिवसाला 20 ते 40 लिटर पाणी पितो. उन्हात, कामात किंवा अंगावर पिणारे शिंगरू असताना याहूनही जास्त. म्हणून नळ ठाणांपासून हाकेच्या अंतरावर असावा. चंदीचे भांडे पाण्यापासून लांबच्या कोपऱ्यात ठेवावे. वैरण जमिनीलगत घातलेली उत्तम, कारण मान खाली घालून चरताना घोड्याच्या श्वासमार्गातील कफ व धूळ आपोआप बाहेर पडते. उंच जाळीतून खाताना तीच धूळ आत ओढली जाते.

एका घोड्याची लीद आणि मूत्र मिळून दिवसाला 22 ते 25 किलो भरतात, म्हणजे दोन घोड्यांचे वर्षाला 16 टनांहून अधिक, बिछाना वेगळाच. उकिरडा तबेल्याच्या उताराच्या बाजूला, विहिरीपासून किमान 30 मीटर दूर आणि वाऱ्याची दिशा पाहून करावा. उष्ण दिवसांत माशीच्या अंड्याची माशी व्हायला आठवडा-दीड आठवडा पुरतो. त्यामुळे लीद त्याआधीच हलवली किंवा झाकून कुजवत ठेवली, तर माश्यांचा उपद्रव बराच आटोक्यात राहतो.

प्रश्न : यांतील कोणती कामे स्वतः करावीत आणि कोणती दुसऱ्यांकडून करून घ्यावीत? क्रम कसा असावा?

उत्तर : आखणी, भर घालणे, धुमसणे, फळ्या बसवणे, दारे, चटया, पन्हाळी, रंगकाम ही कामे धीराने करणारा कोणीही माणूस एका मदतनिसाच्या साहाय्याने नीट करू शकतो. वीजजोडणी परवानाधारकाकडूनच करून घ्यावी. खांबांची जाडी, ते जमिनीत किती खोल जावेत आणि कैच्यांची (छपराचा भार पेलणाऱ्या तिकोनी सांगाड्यांची) रचना या तीन गोष्टींवर बांधकाम अभियंत्याचा अभिप्राय घ्यावा, कारण त्या तेथील माती, वारा आणि बर्फ यांवर अवलंबून असतात. पडवीच्या बाजूने उघडा असलेला तबेला वाऱ्याच्या दृष्टीने विशेष नाजूक असतो. आत शिरलेला वारा छप्पर वर उचलतो, म्हणून छपराचे वासे खांबांना, आणि खांब पायाला, लोखंडी पट्ट्या व बोल्टांनी बांधलेले असले पाहिजेत. नुसत्या खिळ्यांवर विसंबू नये.

कामाला हात घालण्याआधी स्थानिक प्रशासनाची परवानगी, हद्दीपासून सोडायचे अंतर आणि जमिनीखालून गेलेल्या तारा-नळ्या तपासाव्यात. त्यानंतर भर घालून जोते तयार करावे आणि त्याला एक पावसाळा बसू द्यावे. घाई नसेल तर याहून चांगला उपाय नाही. मग दोरी लावून चौकोन आखावा. गुण्याने कोपरे तपासले तरी कर्ण मोजल्याशिवाय खोदाई करू नये. 36 बाय 22 फुटांच्या चौकोनाचे दोन्ही कर्ण 42 फूट आणि सुमारे सव्वादोन इंच भरले पाहिजेत. एक कर्ण चार बोटे जास्त आणि दुसरा तेवढाच कमी भरला, तरी पुढे प्रत्येक पत्रा तिरका कापावा लागतो. खांब ओळंब्यात उभे करून त्यांना तिरपे टेकू द्यावेत, छप्पर आधी घालावे आणि भिंती व जमीन त्याच्या आडोशाने करावी. जमिनीखालून जाणाऱ्या पाण्याच्या आणि विजेच्या नळ्या खडी पसरण्यापूर्वी टाकायच्या असतात, हे अनेकदा राहून जाते.

बांधकाम पूर्ण झाल्यावर घोडे आत नेण्यापूर्वी एक काम अवश्य करावे. जोरकस लोहचुंबक दोरीला बांधून तो ठाणे, पडवी आणि भोवतालच्या अंगणातून पुन्हा पुन्हा ओढावा, म्हणजे मातीत पडलेले खिळे आणि पत्र्याचे कपटे निघून येतील. सर्व पाळीव जनावरांमध्ये घोडा धनुर्वाताला अत्यंत लवकर बळी पडतो आणि खुरात घुसलेला खिळा बाहेरून दिसतही नाही. घोड्यांना धनुर्वाताची लस दिलेली आहे याची खात्री पशुवैद्यांकडून करून घ्यावी. तबेल्याभोवती सावलीसाठी किंवा शोभेसाठी कण्हेर लावू नये. तिची थोडी पानेही, अगदी वाळलेलीसुद्धा, घोड्याला मारक ठरतात.

प्रश्न : आमच्याकडे गाईंचा जुना गोठा रिकामा आहे. त्याचाच तबेला करता येईल का?

उत्तर : करता येईल, परंतु आधी छपराची उंची मोजावी. गाईला पुरणारी उंची घोड्याला पुरत नाही, कारण घोडा दचकला की मान झटक्याने वर फेकतो आणि कधीकधी मागच्या पायांवर उभा राहतो. ठाणात डोक्यावर कोणतीही तुळई किंवा दिवा 8 फुटांच्या खाली नसावा. 10 फूट मिळाले तर अधिक चांगले. दुसरे म्हणजे गोठ्याची गव्हाण, दावणीची लोखंडी कडी आणि शेणमुताची उघडी नाली काढून किंवा भरून टाकावी लागते. नाल ठोकलेल्या घोड्याचा पाय त्या नालीत मुरगळतो. गोठ्याची जमीन बहुधा गुळगुळीत झालेली असते, तिच्यावर रबरी चटया घालाव्यात. छप्परच बुटके असेल, तर ते उचलण्याचा खटाटोप करू नये. घोड्यांसाठी नवे छप्पर उभारावे, आणि जुना गोठा त्यापासून 50 फुटांहून दूर पडत असेल तर त्यात गवत साठवावे.